आखाजीचा एक जास्तीचा घास

आबा, यंदा मी आखाजीला घरी आले आहे. तुम्ही असतात तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया बघितली असतीत आणि मग माझ्याकडे, कारण गेली कितीतरी वर्षं ही पोर आखाजीला माहेरी फिरकलेली नाही. गावच्या लेकी झोके बांधायला येतात, नेमकं तेव्हाच लक्षद्वीपचं पाणी सगळ्यात जास्त तापतं, आणि पाणी तापलं की मला तिथंच असावं लागतं. वहिनीनं दारातच विचारलं, "यंदा सुट्टी भेटनी का, ताई?" मी हो म्हटलं. सुट्टी कसली! मोजायला काही उरलं नाही म्हणून आले. हे घरात सांगावं तर सणाच्या दिवशी समजून घ्यायला कुणाला वेळ नाही. तुम्हाला आता वेळच वेळ आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही, पण त्याचा तोरा मात्र भारी होता. कोरीटच्या पारावर बसून तुम्ही सांगायचात, "मन्ही पोर समुद्रम्हा पोवळा मोजस," आणि मग आठवड्याभरात कुणीतरी पत्रिका घेऊन हजर, मंगळाच्या अंगठीला एक चांगलं पोवळं आणून दे म्हणत. मी चिडायचे, तुम्ही खो खो हसायचात. एकदा ओट्यावर बसवून मी तुम्हाला सगळं सांगितलं. माझे प्रवाळ म्हणजे अंगठीतला खडा नाही, ते बारीक जीव आहेत आणि त्यांनीच तो समुद्रातला खडक बांधलेला आहे. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न देतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतात, पांढरेफटक पडतात आणि उपाशी राहतात. लगेच मरत नाहीत. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं, रंग परत येतो. किती तापलं, किती काळ तापलं, किती पांढरे पडले आणि त्यांतले किती परतले, एवढंच मी मोजते. खडकात ठोकलेल्या त्याच खिळ्यांना दरवर्षी फीत बांधायची, फितीखालचा एकेक प्रवाळ बघायचा, त्याचा फोटो घ्यायचा, तापमान टिपणारं बोटाएवढं यंत्र काढून तिथं दुसरं बांधायचं. तुम्ही सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणालात, "म्हंजे पीकपाहनी." हो आबा, पीकपाहणीच.

मला या कामात पाठवलं ते तुमच्याच एका बोलण्यानं, हे मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. मृगाच्या आधी विहिरीच्या पाण्यावर कापूस लावलेला आहे, दोन-चार पानांची रोपं वर आली आहेत, आणि भर दुपारी ती सगळी माना टाकून पडली आहेत. मी रडत रडत कळशीनं पाणी घालत सुटले आहे. तुम्ही बांधावरून ओरडत येता, मुळांना चटका बसेल म्हणून माझ्या हातातली कळशी हिसकावून घेता. "भर दुपारले पानी घालस का? मुया शिजी जातीन!" मग माझा चेहरा बघून उकिडवे बसता आणि एका रोपाला बोटाचा आधार देऊन दाखवता. "हाई मरेल नई शे, बेटा. दुपारले कोनताच झाडले मेलं म्हनू नको. सकाय पाही ले." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा वाफा उभा होता. मला त्या दिवशी तुम्ही देवासारखे वाटलात.

समुद्र पहिल्यांदा तापला आणि माझी फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली, तेव्हा बाकीचे लोक मेलं मेलं म्हणत होते. मी नवखी होते, तरी हट्टानं म्हणाले, थांबा, ही दुपार आहे. पावसाळा गेल्यावर परत गेलो तर बरेचसे प्रवाळ रंगात आलेले होते. बोटीवरूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय म्हणालात आठवतं? "मंग, ताप उतरना का तुन्हा समुद्रना? मी सांगेल व्हतं ना तुले!" समुद्राशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं, पण श्रेय पूर्ण घेतलंत. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. त्यानंतर जिथं जिथं बोलायला बोलावलं, तिथं मी तुमचं ते दुपारचं वाक्य सांगत आले. लोकांना ते आवडायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

आबा, ते वाक्य खोटं निघालं. कापसाचं खरं असेल, पण माझ्या कामाचं खोटं निघालं. मधे पुन्हा पाणी तापलं, तेव्हा निम्मेच परतले, आणि जे परतले ते अजून अशक्तच होते. ते सावरायच्या आत गेल्या वर्षीचा उन्हाळा आला. माना वर करायला मधे सकाळ लागते ना? ती सकाळच आता होत नाही. खडक किती ताप सोसतो ते मोजायला मी गेले होते, आणि इतकी वर्षं मोजून हाताशी आलं ते इतकंच, की तो सोसत होता आणि आता सोसत नाही. यंदा मी खाली उतरले तेव्हा पांढरा रंगसुद्धा फार कुठं नव्हता. पांढऱ्यात निदान जीव असतो. सगळ्यावर तपकिरी-हिरवी बुरशीसारखी साय चढली होती आणि तिच्यात निळे मासे जुन्या सवयीनं फिरत होते. मी पाणबुड्याच्या मुखवट्याच्या आत रडले. तिथं डोळे पुसता येत नाहीत. तुमचा राग आला मला, खरंच आला. एवढा धीर कशाला दिलात त्या दिवशी? मरू द्यायची होती ती रोपं माझ्यासमोर, सवय तरी झाली असती.

आज सकाळी भावानं तुमच्या नावाची पितरांची घागर भरली. घागरीवर लहान मडकं, त्यावर खरबूज, शेजारी आंबे. वहिनीनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, रस केला होता. गौऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप सोडून भावानं तुमच्या नावाचा घास टाकला, मग आईच्या, मग आजोबांच्या. वहिनीनं सहज विचारलं, "आखो कोना नावना घास टाकना शे का, ताई?" मी पुढं झाले, पोळीचा तुकडा रसात बुडवला आणि निखाऱ्यावर टाकला. नाव घेतलं नाही. दोघांनाही वाटलं, मी तुम्हालाच दुसरा घास दिला. तुम्हाला माहीत आहे तो कुणाचा होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. जेवले पोटभर, झोपलेही.

दुपारी माझ्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या पोरीनं एक फोटो पाठवला. फितीच्या अगदी टोकाला, खडकाच्या सावलीत, तळहाताएवढा एक प्रवाळ. त्याला रंग आहे. खाली लिहिलं होतं, ताई, हा जिवंत आहे, कधी येताय? माझ्या प्रवाळांना मेलेलं समजून जिवंताच्या नावाचा घास टाकून बसले मी, आबा. आपल्याकडे हे कुणी चुकूनही करत नाही. वहिनीला त्या घासापुरतं सांगावं लागलं. ती आधी चरकली, मग म्हणाली, "पन मंग चांगलंच व्हयनं ना! मरेल नई शे ते. मंग तुम्हनं तोंड काबर उतरनं?"

तिला म्हटलं, ऊन लागलं असेल. त्या पोरीला कधी येते ते अजून कळवलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण हे कुठं पोचणार नाही. फोटो बघून मला आनंद झाला नाही. आता परत जावं लागेल, फीत बांधावी लागेल, आणि तोही जाताना बघावा लागेल, एवढंच मनात आलं. तो मेलेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.