ढब्बू गावाला गेलाय

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ढब्बूला जाऊन आठवडा झाला. मी सावरलोय. मंदाचं मात्र कठीण दिसतं. काल तिने कुकरमध्ये त्याच्या वाटणीचा भातही लावला. मी गपचूप दोन वेळा तोच भात खाल्ला.

आज दौलतच्या बेकरीत ब्रेड आणायला गेलो. सकाळी फिरून परत येताना ढब्बू त्याच्या पायरीवर बसकण मारायचा आणि दौलत त्याला तुटका टोस्ट चहात बुडवून द्यायचा. ढब्बू पिल्लू होता तेव्हापासून हे चालू. दौलतने विचारलं, आज एकटेच? पार्टनर कुठे? दुकानात गिऱ्हाइकं होती. सकाळी सकाळी माणसाला कशाला धक्का द्यायचा, म्हणून सांगितलं की गावाला गेलाय, पुतण्याकडे. हवापालट.

उद्या खरं काय ते सांगून टाकतो.

ता. क. ढब्बूचा पट्टा खिशात ठेवतो. भटकी कुत्री अंगावर आली तर हातात काहीतरी असावं.

१९ नोव्हेंबर

राहिलं. दुकानात गर्दी होती.

२ डिसेंबर, सोमवार

दौलतला डिटेल्स लागतात. ढब्बू गावाला करतो काय? मी म्हटलं, कोंबड्यांच्या मागे धावतो. दौलत इतका हसला की हातातली खारी खाली पडली. हसणाऱ्या माणसाला कसं सांगणार?

घरी आल्यावर मंदाला हे सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने चहा गाळता गाळता विचारलं, पकडली का एखादी? मी म्हटलं, कसली पकडतोय, गुडघे दुखतात त्याचे. ती हं म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

आता मंदा रोज चहाला विचारते, आज काय केलं त्याने? बिचारी. तिला बरं वाटतं म्हणून सांगतो. काल तो ओढ्यात उतरला होता. आज शेजारच्यांच्या पडवीत झोपला आणि जेवायला हाका मारल्या तरी आला नाही. मला स्वतःला यात काहीही इंटरेस्ट नाही.

२९ डिसेंबर, रविवार

आमच्या लेकीचा, आसावरीचा, खोपटहून फोन. मोहने गावात तिच्या मैत्रिणीकडे कुत्रीला पिल्लं झालीत, एक आणू का बाबा? मी ठाम नाही म्हणालो. घरात कोणी गेलं की काही रीत असते. मंदा म्हणाली, रीत अशी की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मी तीन वर्षांच्या बाजूने. मंदा वर्षाच्या आत. आसावरीने फोनवरून मत दिलं. हरलो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पिल्लू आलं. ही तात्पुरती व्यवस्था आहे. नाव ठेवायचं नाही, माया लावायची नाही, ढब्बूच्या गोधडीवर झोपू द्यायचं नाही. शिस्त मी लावणार. पहिल्या आठवड्यात शू बाहेर करायला शिकवतो. दुसऱ्यात शेकहँड.

२० जानेवारी

पिल्लू गोधडीवर झोपतं. थंडी आहे, असं मंदाचं म्हणणं. शू माझ्या चपलेत. शेकहँडला मी हात पुढे केला की ते चावतं. तरी प्रगती म्हणायची, आधी पळून जायचं.

फिरायला उलट्या दिशेने नेतो. दौलतच्या गल्लीतला रस्ता फार खराब आहे. ब्रेड आणायला मी नंतर एकटा जातो.

९ फेब्रुवारी, रविवार

पिल्लाने ढब्बूचा पट्टा चावून तोडला. मी ओरडलो. फारच ओरडलो. ते सोफ्याखाली शिरलं आणि बाहेरच येईना. मंदा म्हणाली, अहो, तो काय परत येऊन पट्टा घालणार आहे का? मग चहाला मात्र तिने विचारलंच, आज काय केलं त्याने? या बाईचं काही कळत नाही.

पट्टा मोच्याकडे टाकला.

५ मार्च, बुधवार

दौलत शनिवारी शिमग्याला गावी चाललाय. त्याच्या गावापासून आमचं गाव दोन स्टॉपवर. वाकडी वाट करून ढब्बूला भेटून येणार म्हणतो. त्याने फळीवरची मोठी बरणी काढून दाखवली. नोव्हेंबरपासूनचे सगळे तुटके टोस्ट त्याने ढब्बूसाठी साठवलेत. मी म्हटलं, अरे वा. आणि ब्रेड न घेताच घरी आलो.

घाबरायचं कारण नाही. प्लॅन तयार आहे.

६ मार्च

पुतण्याला, साईनाथला, फोन केला. म्हटलं, एक जाडसा तपकिरी कुत्रा रविवारपुरता पडवीत बांधून ठेव. त्याच्याकडे काळाच आहे, तोही चावरा. मग साईनाथ म्हणाला, काका, बरे आहात ना? जरा काकूंना फोन द्या. दिला नाही.

दुसरा प्लॅन: ढब्बू रत्नागिरीला डॉक्टरकडे ॲडमिट आहे. आरशासमोर म्हणून बघितलं. पटण्यासारखं वाटतं.

८ मार्च, शनिवार, सकाळ

पिल्लाला घेऊन निघालो. उलट्या दिशेला यायला त्याने साफ नकार दिला आणि मला ओढत बेकरीवर नेलं. दौलतची बॅग भरलेली. बरणी टॉवेलात गुंडाळून वरच ठेवलेली. रत्नागिरी म्हणायला तोंड उघडलं. पण नजर बरणीवर गेली.

शेवटी म्हटलं, "दौलत, ढब्बू नाहीये रे. नोव्हेंबरमध्येच गेला."

तो मैद्याच्या पोत्यावर बसला. एक बाई पाव मागत होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने विचारलं, "मग काका, कोंबड्यांच्या मागे कोण धावत होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्याची मुलगी सान्वी रोज झोपताना ढब्बूच्या गोष्टी ऐकायची, म्हणे. आता तिला काय सांगू, असं त्याने विचारलं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. बाईंना पाव मीच दिले. निघताना त्याने बरणी माझ्या हातात ठेवली. पिल्लाकडे बघून म्हणाला, ह्याला द्या, पण भिजवून.

संध्याकाळ

चहाला मंदाने विचारलं, आज काय केलं त्याने?

मी म्हटलं, "दौलतला सांगून टाकलं. ढब्बू आज गेला, मंदा."

तिने बशी खाली ठेवली. मग आम्ही दोघंही रडलो. नोव्हेंबरमध्ये राहून गेलेलं.

तेवढ्यात पिल्लाने बशीतला चहा पिऊन टाकला. शिस्तीचं उद्यापासून बघू.