आमच्या घरात आवाज चढत नाही

३ नोव्हेंबर १९५५
शुभाचं वजन पुन्हा घटलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही त्रास? ठामपणे नाही म्हटलं. आमच्या घरात आवाज चढत नाही. गणपतीत यांनी पाहुण्यांसमोर माझ्या अण्णांना ‘घरगुती मास्तर’ म्हटलं (मला शाळेत न घालता अण्णांनी घरीच शिकवलं म्हणून), तेव्हासुद्धा मी चढवला नाही. मुलांसमोर भांडू नये, ही अण्णांचीच शिकवण. त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलतच नाही. हेही बोलत नाहीत. निरोप शुभा नेते. सात वर्षांची आहे, पण काम चोख.
उद्यापासून कॉडलिव्हर ऑइल.

१० नोव्हेंबर
ऑइल ओकली. आरेच्या दुधाची जादा बाटली घ्यावी का, हे विचारायला तिला बाहेरच्या खोलीत पाठवलं. येऊन म्हणाली, बाबा म्हणतात घे की, आणि तूपण पीत जा, वाळलीयेस. यांना पश्चात्ताप होतोय. माफी मागतील तेव्हा बोलेन. मला घाई नाही.

१९ नोव्हेंबर
वरच्या विमलाबाई आणि त्यांचे मिस्टर आज पुन्हा भांडले. अख्ख्या अंधेरीला ऐकू गेलं. तू माणूस आहेस की गिरणीचा भोंगा, असं मिस्टर म्हणाले. संध्याकाळी दोघं जिन्यात बसून भजी खात होते. त्यांचा नंदू मात्र गुटगुटीत. वरच्या मजल्यावर वारा जास्त, हे कारण असावं.

२६ नोव्हेंबर, दुपार
विचित्र प्रकार. स्वयंपाकघरात होते. मागच्या पडवीत कोणीतरी म्हणालं, “मृणाल दमली असेल.” माझं नाव! आवाज बारीक, पण ढब यांची. हे तर ऑफिसात. जाऊन पाहिलं, शुभा भिंतीकडे तोंड करून उभी. दुसरं कोणी नाही. कोण बोललं विचारलं तर म्हणाली, कोणी नाही.
भाजी करपली.

२९ नोव्हेंबर
पुन्हा तेच. या वेळी ढब माझी! “त्यांना म्हणावं, जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.” असं मी कधी म्हणाले? घरमालकीण ल्युसीबाईंना विचारलं, या घरात पूर्वी कोणी वारलं होतं का. म्हणाल्या, वारली ना, माझी सासू. पण ती मेल्यावर गप झाली, जिवंत होती तेव्हाच झपाटायची. आणि तू घराला काय बघतेस, पोरीला बघ.
बोलायला फार रोखठोक बाई. तिन्हीसांजेला शुभाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. अण्णा हसले असते.
पडवीचं दार बंद ठेवायचं ठरवलं.

५ डिसेंबर
दार बंद, तरी कुजबुज आहे. निरोप घेऊन निघाली की शुभा उंबऱ्यावर थांबते. ओठ हलतात. पोट दुखतं म्हणते. जंत असावेत. एरंडेल.

१२ डिसेंबर
शुभाला म्हटलं, बाबांना सांग, आपला डबा आपण घासा. आणि दारामागे उभी राहिले.
ती उंबऱ्यावर थांबली. पुटपुटली. मग आत जाऊन म्हणाली, आई म्हणते, डबा राहू दे, तुम्ही दमता. हे म्हणाले, तिला म्हणावं, हल्ली गोड बोलतेस ते पुरे, आधी माफी माग.
शुभा परत उंबऱ्यावर. पुन्हा ओठ हलले. मग म्हणाली, “आई, बाबा म्हणाले, तू किती करतेस.”
म्हणजे तो दुधाचा निरोपही तिचाच. पडवीत ती पाठ करत होती, कधी यांच्या तोंडचं, कधी माझ्या.
मी दारामागून सगळं ऐकलं, हे तिच्या लक्षात आलं. पांढरीफटक पडली. “चुकलं का गं?” म्हणाली.
मी आवाज चढवला नाही. काहीच बोलले नाही.

१८ डिसेंबर
डॉक्टर म्हणतात, हवापालट. माझा अनंतदादा येऊन शुभाला मुलुंडला घेऊन गेला. प्रेमावहिनी फार मोठ्यानं बोलते, एवढीच काळजी.
शुभा परत येईल तेव्हा या घरात बोलणं सुरू झालेलं असेल. सुरुवात मी करणार. माफीची अट मागे घेतली.

१९ डिसेंबर
यांचं डोकं दुखत होतं.

२२ डिसेंबर
हे दाढी करत होते. गालाला कापलं असतं.

२७ डिसेंबर
तोंड उघडलं होतं. निघालं ते “शुभा, बाबांना सांग.” घर रिकामं. यांनी मान वर केली, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
उद्या नक्की.

१ जानेवारी १९५६
दादा शुभाला घेऊन येणार म्हणून रव्याचे लाडू केले. एकटाच आला.
म्हणाला, छान खाते, भावंडांशी झिंज्या ओढून भांडते. एकच खोड. तिच्याशी कोणी काही बोललं की विचारते, हे कुणाला सांगू? आज घरी चल म्हटलं तर पिंपामागे लपून बसली. मी म्हणतो, तिकडच्याच शाळेत घालू. तुम्हा दोघांचं काय म्हणणं?
मी दादाला म्हटलं, यांना विचार. हे दादाला म्हणाले, तिला विचारा.
दादानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मग उठून म्हणाला, तिचे कपडे दे.
पेटी जड झाली. एक कडी मी धरली, एक यांनी. फाटकापर्यंत नेली. मधे कोणी नव्हतं.
मुलुंडची हवा कोरडी आहे. मानवेल तिला.