कोपराखालचा डाग

३ फेब्रुवारी १९६२, बालाघाट
मोठ्या सिस्टरांनी नवं काम गळ्यात घातलं. आपला कुष्ठाश्रम कोणी, कसा उभा केला ते जुन्या रोग्यांना विचारून लिहायचं, वर्धापनदिनाला वाचायचं. "मराठी तेरी अच्छी है." मलमपट्टी आहेच, वर हे.
डाव्या कोपराखाली रुपयाएवढा फिका डाग. साबणाने घासला. जात नाही.

६ फेब्रु.
जानकीबाई इथल्या पहिल्या रोग्यांपैकी. त्यांच्याकडे गेले. त्या सांगू लागल्या: आश्रम काढायला दोन गोऱ्या बाया बैलगाडीतून आल्या. गावात कोणी खोली देईना, आंब्याखाली राहिल्या. धाकटी पुढे बंगला सोडून रोग्यांच्या वस्तीत आली. मी म्हटलं, केवढा त्याग!
जानकीबाई हसल्या. "त्याग कायचा वं? तिले बी झालतं. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घाले. आमाले काय समजत नाही?"
मीही लांब बाह्यांचंच पोलकं घातलेलं. हात मागे घेतला. पाहिलं का त्यांनी?

९ फेब्रु.
दार लावून, डोळे मिटून डागावर कोंबडीचं पीस फिरवलं. रोग्यांना तपासते तसं; रोग असला तर डागावर स्पर्श कळत नाही. कळलं! जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, पीस माझ्याच हातात, कुठे फिरतंय ते ठाऊकच. असली तपासणी कवडीमोल. दुसऱ्याच्या हातून हवी. आणि दुसऱ्याला सांगायचं म्हणजे...
रोज रोग्यांना सांगते, गोळ्यांनी बरं होतं, घाबरू नका. खोटं नाही ते. तरी मी घाबरलेय. फार.

११ फेब्रु., रवि.
घरी गेले. आई खुशीत. "भरवेलीचे पाव्हणे येऊन राह्यले पुढच्या आयतवारी. पोरगा खाणीत क्लार्क हाय." मी बाही मनगटापर्यंत ओढली.
"काहून तोंड पाडून बसली? अन् त्या आश्रमाचं नाव काढू नको त्याइच्यापुढे."
हौ म्हटलं. डागाचं कळलं तर मलाच काय, धाकट्या बहिणीलाही कोणी विचारणार नाही. जेवण गेलं नाही.

१४ फेब्रु.
शेवटी मोठ्या सिस्टरांपुढे बाही वर केली. त्यांनी स्टुलावर बसवलं, पीस घेतलं. "आँखें बंद. छुआ तो बोलना."
कपाळाला घाम. हातावर काहीच नाही. काहीच नाही. मग कुठेतरी जरासं... मी ओरडलेच, "हौ!"
डोळे उघडले. पीस त्यांच्या मांडीवरच होतं.
"अभी छुआ नहीं, बेटी. फिर से."
मला डोळे मिटवेनात.