दादाचा आवाज, आवृत्ती तीन

३ मार्च, सकाळ
आजपासून शिस्त. ओपन सोर्स पॅकेजांच्या, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, संग्रहात माझ्याकडे तपासायला पडलेलं अपडेट एकच. पण ते दादाच्या लायब्ररीचं. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. त्यानेच लिहिली, आवाजही स्वतःचाच दिला. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. संग्रहात सांभाळणारा म्हणून अजून त्याचंच नाव आहे. ते काढायचं काम माझ्याकडे आहे आणि योग्य वेळी मी ते करणार आहे.

अपडेट पाठवणारी बाई दातांची डॉक्टर. फावल्या वेळात हे करते. तिचं म्हणणं, जुन्या आवृत्तीत आकड्यातला पॉइंट वाचलाच जात नाही, २.५ चे पंचवीस होतात. तिसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त झालंय. शेवटी एक बारीक ओळ: जुना आवाज काढून नवा घातला आहे.

संध्याकाळपर्यंत तपासून मोकळा होतो.

६ मार्च
झालं नाही. संग्रहातले निरोप आपोआप पाठवणाऱ्या बॉटने नियमाप्रमाणे आधी दादालाच विचारलं होतं, कृपया तपासा. तीन दिवस उत्तर नाही, म्हणून त्याच्या नावापुढे लाल वर्तुळ. माझ्याही नावापुढे तसंच. दादाचं एक वेळ ठीक आहे.

८ मार्च
वहिनीचा फोन. तिची नजर आता फारच अधू झालीय. डॉक्टरांच्या ईमेल, औषधांची यादी, सगळं दादाच्या आवाजात ऐकते. म्हणाली, ते अपडेट कधी येतंय भाऊजी, हे मला औषध पंचवीस मिली घे म्हणतात, जिवंतपणीही यांचं हिशेबात कधी लक्ष नसायचं. मी सांगितलं की अपडेट आलं की दादाचा आवाज जाईल. मग म्हणाली, जाऊ दे.

मनापासून म्हणाली नाही. मी ओळखतो ना तिला. तिच्या डोससाठी शेजारची नर्स रोज येते, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंना सहा हरकती कळवल्या. एका ओळीनंतर रिकामी ओळ नव्हती, दुसरीच्या शेवटी नको तो पूर्णविराम. वीस मिनिटांत सगळं दुरुस्त करून मोकळ्या. पेशंट तोंड उघडून बसला असेल आणि बाई इकडे. लोकांना कशाची घाई असते कळत नाही.

११ मार्च, दुपार
तुलनेसाठी जुनी आवृत्ती लावली. चाचणीचं वाक्य दादाचंच: ‘मी बोलतोय. ऐकू येतंय का?’ स्वयंपाकघरातून बायको हो म्हणाली. मग भांडं पडल्याचा आवाज. बाहेर येऊन म्हणाली, हे पुन्हा घरात वाजवायचं नाही.

तुलना नीट व्हायला हवी, म्हणून दार लावून आणखी सात वेळा ऐकलं.

१३ मार्च
बाथरूमच्या नळातून ऐकू आलं. लिफ्टमध्येही. झोप कमी होतेय, दुसरं काही नाही. उद्यापासून सकाळी चालायला जाणार.

१५ मार्च
पाऊस नव्हता, तरी चालायला गेलो नाही. कारण कामच निघालं. मधल्या काळात कुणीतरी त्याच फाइलला हात लावला होता, आता दोन्ही बदल एकमेकांना भिडले. कुठल्या ओळी ठेवायच्या, कुठल्या खोडायच्या, हे माणसानेच ठरवावं लागतं. बाईंवर कशाला टाकायचं, मीच सोडवलं. एका जागी अगम्य अक्षरांच्या दोन लांबलचक ओळी होत्या, त्यातली वरची ठेवली. दहा मिनिटांचं काम. अनुभव लागतो.

१६ मार्च, संध्याकाळ
तिसरी आवृत्ती बांधली, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार केला. चालवली. ‘मी बोलतोय. ऐकू येतंय का?’

दादा. तोच. ‘येतंय’ला जरा अडखळतो तोही तसाच. म्हणजे आवाज काढलेलाच नाही, बाईंचा गैरसमज. डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यात अर्थ नाही. दुपारपर्यंत ऐकत बसलो. आकडे तपासायचे राहिले, ते उद्या. अपडेट मंजूर केलं. वहिनीच्या कॉम्प्युटरवर घातलं आणि सांगितलं की चूक गेली आणि दादा राहिला. तिने विचारलं, दोन्ही? म्हटलं, दोन्ही.

१७ मार्च
नवख्या तपासनिसांसाठी मार्गदर्शन लिहायला घेतलं. नियम पहिला: ठसा बघा. प्रत्येक पॅकेजच्या फाइलीत मूळ कोडचा ठसा असतो, अक्षरांची एक लांबलचक ओळ. आवृत्तीचा आकडा नवा आणि ठसा जुना राहिला, तर कॉम्प्युटर काही न बोलता साठ्यातला जुनाच कोड उचलतो. सगळं नीट चाललेलं दिसतं. ही चूक कच्चे लोक करतात.

आकडे उद्या.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंचा मेसेज. आभार असतील. सवडीने उघडतो.

२१ मार्च
वहिनी हॉस्पिटलमध्ये. झोपेच्या औषधाचं माप दहा मिलीचं असतं. तिने दोन मापं घेतली, तिसऱ्याला हात थांबला आणि बायकोला फोन केला. डॉक्टर म्हणाले, अजून घेतलं असतं तर सांगता आलं नसतं.

२३ मार्च
वहिनी आज नीट बोलली. नर्सला तिनेच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, तुम्ही म्हणालात चूक गेली, आणि सांगणारे हेच होते, मग मी कशाला शंका घेऊ. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मेसेज उघडला. ठसा जुना कसा राहिला, असं बाईंनी विचारलं होतं, त्यांच्या फाइलीत बरोबर होता. बघितलं. त्यांची ओळ खोडलेली. १५ मार्च, खोडणाऱ्याचं नाव माझं. हात चुकला असं लिहिणार होतो. आता खात्री वाटत नाही.

२४ मार्च, दुपार
बाईंची ओळ परत घातली. बांधलं. आधी वहिनीची औषधांची यादी लावली. दोन पॉइंट पाच मिली. अकरा वेळा ऐकलं, अकराही वेळा बरोबर. आवाज स्वच्छ, कुठे अडखळत नाही. मंजूर केलं. सांभाळणाऱ्यांच्या यादीतून दादाचं नाव काढलं.

शेवटी चाचणीचं वाक्य लावलं. ‘मी बोलतोय. ऐकू येतंय का?’ स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, कोण बोलतंय. म्हटलं, कोणी नाही.