विझलेलं निळं

रविवार, दिवेलागण

कोकमाच्या सालींपासून प्रयोगशाळेत केलेले कार्बनचे कण आज घरी आणले. जांभळ्या दिव्याखाली ते निळे चमकतात. पाण्यात शिसं, पारा असलं काही असेल तर चमक विझते. आईसमोर त्यात खाडीचं पाणी घातलं. निळं विझलं. पार.

आई खूश! "गेलं ना विष?" तिला वाटलं, निळं तेच विष. मी गप्प. एका परीक्षानळीवरून काय ठरतं? नुसत्या गाळानेही विझतं कधी कधी. आणि विष आहे म्हटलं, तर बाजारात आईच्या नि शेजारणींच्या तिसऱ्या, खाडीतले हे शिंपले, कोण घेणार?

तेवढ्यात ती शेजारी सांगूनही आली, "माझ्या पोरीनं तपासलं, खाडी साफ हाय."

उद्या ओहोटीला सगळ्याजणी तिसऱ्या काढायला उतरतील. माझ्या शब्दावर. जो मी बोललेच नाही.