देवीच्या राईचा कौल

३ फेब्रु. ९८
वनसमितीत बाई हवी म्हणून माझं नाव घातलं. सातवी शिकलेय, तेवढी लायकी पुरली. ठराव : समोरच्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. मोडेल त्याला दंड. हात वर केला. बरं वाटलं. डोंगर पार बोडका झालाय. घरी आल्यावर सासूबाई : "आन् राबाला टहाळ कुठनं आननार? तुज्या समितीतनं?" वाफ्यावर टहाळ जाळल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही, हे काय मला कळत नाही?

२० फेब्रु.
पहिला दंड शेजारच्या चिमाबाईला. एकटी बाई. ऐनाच्या चार फांद्या. कोयता जप्त. गार्डसाहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. असेल. पण सरपंचांच्या बांधावर झाडांची रांग आहे, तिच्या बांधावर गवतसुद्धा नाही. चिमाबाई बघून तोंड फिरवते.

११ मार्च
टहाळ देवीच्या राईतून येतंय! राई समितीत नाही, देवीची. तिथली वाळकी काटकी उचलायची तरी आधी कौल. झऱ्याच्या कुंडीत फूल बुडवायचं, देवीच्या कपाळाला चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होकार. डावीकडे पडलं तर गुमान घरी.
चिमाबाई डोक्यावर भारा घेऊन समोरून आली. आज बोलली एकदाची. "देवी पावती फाडत न्हाई, बाई."

२ मार्च ९९
देवीच्या भगतबाबांनी कौलाचं फूल तीनदा लावलं. डावं, डावं, मग उजवं. पूर्वी एकदाच लावत. आता उजवं पडेपर्यंत लावतात. मी म्हटलं, बाबा, हे काय? "मान्सं उपाशी ठिवू का, पोरी?"
राईत ऊन शिरलंय. लग्न होऊन आले तेव्हा भरदुपारी आत जायची भीती वाटायची. ती भीतीच बरी होती.

१४ नोव्हें.
बंदीचा डोंगर बघायला जीप भरून पाहुणे आले. डोंगर हिरवा झालाय, खोटं कशाला बोलू. फोटोत मला पुढे उभं केलं. म्हटलं, राईपण बघा. वेळ नव्हता त्यांना.

३० जाने. २०००
समितीची सभा. धीर करून बोलले : डोंगराची एक बाजू राबापुरती मोकळी करा, राई वाचेल. गार्डसाहेब हसले. "मग बंदी कसली, ताई?" आपली माणसं खाली बघत बसली. कुणाच्या घरी राईचं टहाळ नाही? सरपंचांच्या आणि आमच्या, बांधावरची झाडं आहेत म्हणून. आमची तीही यंदा ओरबाडून संपली.

९ मार्च
आम्ही दोघं राईत. झऱ्यावरचं जांभूळ तेवढं उरलंय. वाटेत यांना म्हटलं, हे तरी सोडू. "मग पेरायचं कशावर? तुज्या ठरावावर?" निदान कौल तरी लावू म्हटलं. एकदाच. डावं पडलं तर परत फिरायचं. हे बरं म्हणाले.
मी फूल घेऊन कुंडीशी वाकले. तळाला चिखल. बोटभर पाणी नाही. कोरडं फूल देवीला चिकटेना.
"घरनं आन की पानी."
घरचं पाणी याच झऱ्याचं. सकाळी हंडा तिरका करूनही तांब्या भरला नव्हता.
हे कोयता मांडीवर घेऊन जांभळीखाली बसले. मी फूल हातात धरून उभी.