झिप्र्या बाकाखाली बसतो

शिरूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अंकितास मल्हारमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

झिप्र्या सुखरूप पोचल्याचं कळलं. लहानपणी तापात तुझे कान गेले, तेव्हापासून फोन आपल्या कामाचा न्हाई आन् मेसेजात माझं मन भरत न्हाई, म्हणून हे पत्र.

मागल्या महिन्यात दवाखान्यात तुझं नाव पुकारलं, तुला कळलं न्हाई आन् तू तपासणीविना घरी आलीस. सातव्या महिन्यात हे परत नको. जावईबापूंना दरवेळी रजा कोण देणार? झिप्र्या मूळचा मेंढ्या राखणारा कुत्रा. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, पण मुख्य म्हणजे स्वतःच्या डोक्यानं मी त्याला तयार केलाय. कुणी तुला हाक मारली की तो तुझ्या गुडघ्याला नाक लावील. लावलं की तिथल्या तिथं भाकरीचा तुकडा दे. उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला, ते त्याला उमगत न्हाई.

लोक त्याला आत घेतात का, याची मला फार उत्सुकता. कोण काय म्हणालं ते अक्षरन् अक्षर लिही. मला बरं वाटावं म्हणून गोड करू नको.

लोभ आहेच; झिप्र्याच्या केसांसारखा घरभर होऊ दे.

तुझा मल्हारमामा

दौंड, १२ ऑगस्ट

ती. मामांस, वाकता येत नाही म्हणून बसूनच नमस्कार. वि. वि.

आज दवाखान्याच्या दारावरच वॉचमन म्हाळूकाकांनी अडवलं. समोरच्याच्या ओठांवरून मला बोलणं कळतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज तू कुत्रं आणलंस, उद्या कुणी म्हैस आणील, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात नावं पुकारणाऱ्या सिस्टर गिताबाई आल्या. त्यांनी झिप्र्याचे पंजे उचलून पाहिले, लस टोचली का विचारलं आणि निकाल दिला, की हॉलमध्ये बाकाखाली बसायचं, तपासणीच्या खोलीत यायचं नाही.

सुनेबरोबर आलेल्या पुतळाबाई लुगडं गोळा करून बाकाच्या पार टोकाला सरकल्या. पोटुशी बाईनं कुत्रं घेऊन फिरायचं म्हंजी काय, आन् केस उडाले तर, असं मला सुनावलं. पण थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, की ह्याला माणसाचं नाव कळतं व्हय? सगळा हॉल बघत होता. मी ताठ मानेनं हो म्हणाले.

मामा, गिताबाईंनी दोनदा पुकारलं आणि झिप्र्या जांभया देत बसला! मला कळेपर्यंत डॉक्टरीणबाई ऑपरेशनला गेल्या. तुम्ही अक्षरन् अक्षर मागितलंत, म्हणून विचारून लिहिते. गिताबाईंनी पुकारलं होतं : कोळेकर अंकिता सत्यजीत. पुतळाबाई म्हणाल्या, तुझ्यापरीस ह्योच जास्त बहिरा दिसतोय. सगळे हसले. ते हसणं मला ऐकू आलं नाही, दिसलं मात्र.

आता २६ तारखेला बोलावलंय. तेव्हाही असंच झालं तर कुत्रं गेटबाहेर, असं म्हाळूकाकांनी बजावलंय. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत हे झिप्र्याला तुमच्याकडं सोडतील. त्याचं काय चुकलं, बघाल का?

रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची अंकिता

शिरूर, २२ ऑगस्ट

चि. अंकितास रानातून आशीर्वाद. वि. वि.

आधी पुतळाबाईंचा राग आला. मग तुझी ती नावाची ओळ परत वाचली आन् डोक्यात उजेड पडला. मी त्याला बांधावरून मारायची हाक शिकवली, 'अंके!' आपल्या घरात तुला दुसरं कोण काय म्हणतं? दवाखान्यात तू कोळेकर अंकिता सत्यजीत असतेस, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. झिप्र्याला वाटलं असंल, दुसरीच कुणी बाई.

आठवडाभर रानात उभा राहून पूर्ण नाव पुकारतोय. मामी म्हणते, रेशन वाटायला बसलेत समजून माणसं पिशव्या घेऊन येतील. हसू दे तिला. झिप्र्या आता बरोबर उठतो. जुनी हाक मी पार मोडली. एका कामाला एकच हाक, गोंधळ नको.

पुतळाबाईंनी नाव कळतं का विचारलं, ते मला आवडलं. न विचारता हाकलणाऱ्यापेक्षा विचारणारं माणूस बरं.

जावईबापूंबरोबर झिप्र्या, हे पत्र आन् लोभ, तिन्ही धाडतोय.

मल्हारमामा

दौंड, २६ ऑगस्ट

ती. मामांस मोठ्ठा नमस्कार. वि. वि.

काल बाजारात गिताबाई भेटल्या. तुमचं पत्र पिशवीत होतं, ते त्यांना वाचायला दिलं. रेशनपर्यंत आल्या आणि हसू आवरेना म्हणून तिथूनच परत दिलं. तिथंच घोळ झाला. जुनी हाक तुम्ही मोडल्याचं त्यांनी वाचलंच नाही. आज त्यांनी मोठ्या मायेनं, भरल्या हॉलमध्ये खड्या आवाजात पुकारलं, 'अंके!'

झिप्र्या ढिम्म.

मला कसला पत्ता? मी त्याच्याकडं बघत बसलेले. एवढ्यात गुडघ्यावर थाप पडली. पुतळाबाई! झिप्र्या आज उठतो का, हे बघायला त्या सरकत सरकत माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांचं लुगडं त्याच्या शेपटीवर पसरलं होतं. मला दाराकडं ढकलून त्या त्यालाच ओरडत होत्या, मेल्या, झोपलास व्हय, तिचा नंबर जाईल ना!

तपासणी झाली. बाळ छान आहे. बाहेर आले तर झिप्र्या तिथंच, पुतळाबाईंच्या पायाशी. आणि म्हाळूकाका त्याला पाणी ठेवत होते.

त्याला आता दोन्ही हाका शिकवा. आणि गुडघ्याला हात लागला की तिथल्या तिथं खाऊ द्यायचा, हा तुमचा नियम मी मोडला नाही. पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू पुतळाबाईंना दिला. त्यांनी घेतला. अर्धा खाल्ला, आणि उरलेला, जरा लांबूनच, झिप्र्यापुढं टाकला.

मामीला सांगा, लोभाचं रेशन असंच चालू ठेवा.

तुमची अंकी